बर्फाखालचं जाळं : एका दूरच्या तळ्याकाठी माणसं कशी शिकतात

तळ्यावर हातभर जाड बर्फ आहे. हवा उणे तीस अंश. आणि त्या बर्फाखालच्या पाण्यात तुम्हाला पन्नास मीटर लांबीचं जाळं सरळ ताणून लावायचं आहे. कसं लावाल?

कॅनडाच्या उत्तरेकडचे मूलनिवासी डेने लोक हे असं करतात. बर्फात एका रेषेत भोकं पाडायची. दोन भोकांमधलं अंतर हातातल्या सोटाच्या लांबीपेक्षा थोडं कमी ठेवायचं. सोट स्प्रूसचा, म्हणजे तिकडच्या सुईसारख्या पानांच्या झाडाचा. लांब, सडसडीत आणि वाळलेला. वाळलेला अशासाठी, की तो तरंगतो आणि बर्फाच्या खालच्या अंगाला टेकून राहतो. त्याच्या मागच्या टोकाला दोरी बांधायची, पहिल्या भोकातून तो आत सोडायचा आणि दुबेळक्या काठीने पुढच्या भोकाच्या दिशेने ढकलायचा. तिथे त्याचं टोक दिसलं की तिथून पुढे ढकलायचा, मग त्याच्या पुढच्या भोकातून. शेवटच्या भोकातून सोट बाहेर काढला की दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाखालून गेलेली असते. आता दोरीला जाळं बांधायचं आणि दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचं. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे तुकडे, खालच्या कडेला वजनाचे दगड. जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं.

एवढं वाचायला एक मिनिट लागलं असेल. पण यावर तुम्ही उद्या मासे धरू शकाल का? भोकं तळ्याच्या कोणत्या भागात पाडायची? तिथला बर्फ तुमचं वजन पेलेल हे कशावरून ओळखायचं? या दिवसांत मासा खोल असतो की काठाजवळ? जाळं किती दिवस ठेवायचं, किती मासे पुरे म्हणायचे, आणि पहिला मासा कोणाच्या घरी द्यायचा? यातलं काहीही वरच्या परिच्छेदात नाही. ते जिथे आहे, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं जातं, त्याबद्दल हा लेख आहे.

इंग्रजीत त्याला ‘लँड-बेस्ड लर्निंग’ म्हणतात, म्हणजे भूमीच्या आधाराने शिकणं. गेल्या दोन-तीन दशकांत कॅनडात हा शब्द शाळा, विद्यापीठं, सरकारी कागद अशा सगळीकडे दिसू लागला आहे. अनेकदा त्याचा अर्थ सहल किंवा हस्तकलेचा तास एवढाच घेतला जातो, आणि ते मला फार खटकतं. मूळ गोष्ट खूप मोठी आहे. ती नीट कळावी म्हणून आपण एकाच तळ्याकाठी बसू.

साहतू

ते तळं म्हणजे ग्रेट बेअर लेक. स्थानिक भाषेत साहतू : ‘साह’ म्हणजे अस्वल, ‘तू’ म्हणजे पाणी. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात ते आहे, आणि उत्तर ध्रुववृत्त त्याच्या उत्तरेकडच्या भागातून जातं. ‘तळं’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यावरून याचा अंदाज येणार नाही. याचं क्षेत्रफळ सुमारे 31,000 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन पुणे जिल्हे मावतील एवढं. सर्वांत खोल जागी ते 400 मीटरहून जास्त खोल आहे. पाणी इतकं, की उजनी धरण काठोकाठ भरलं तरी तशी सहाशेहून अधिक धरणं यात बसतील. पूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत मोठं तळं. वर्षातले सात-आठ महिने ते गोठलेलं असतं आणि बर्फ पूर्ण विरघळायला कधीकधी जुलै उजाडतो.

एवढ्या मोठ्या तळ्याच्या काठी कायम वस्तीचं गाव एकच आहे, देलिने. लोकवस्ती साधारण पाचशे. गावाच्या नावाचा अर्थ ‘पाणी वाहतं ती जागा’, कारण इथूनच ग्रेट बेअर नदी निघते आणि पुढे तुलिता गावाजवळ मॅकेंझी या महानदीला मिळते. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फावरून रस्ता तयार करतात, एरवी विमान. 1993 पर्यंत या गावाचं अधिकृत नाव फोर्ट फ्रँकलिन होतं, कारण जॉन फ्रँकलिन नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या तुकडीने 1825 ते 1827 च्या मोहिमेत इथे हिवाळे काढले होते. तळ्याकाठी राहणाऱ्या डेने लोकांना साहतूगोतिने म्हणतात, म्हणजे साहतूची माणसं. नावातच तळं आहे.

या तळ्याचा एक गुण पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे : ते फार थंड आहे आणि त्यात पोषकद्रव्यं कमी आहेत, त्यामुळे इथे सगळं सावकाश वाढतं. इथला लेक ट्राउट मासा पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो आणि तीस किलोंच्या घरात पोचू शकतो, पण त्या आकाराला यायला त्याला आपल्या अर्ध्या आयुष्याएवढा काळ लागतो. अशा तळ्यात एका वर्षी हाव केली तर भरपाई नातवंडांच्या काळात होते. म्हणून इथे मासे धरण्याचं ज्ञान आणि किती धरायचे याचं ज्ञान वेगळं ठेवता येत नाही. एक शिकवून दुसरं न शिकवणं म्हणजे अर्धवट शिकवण्यापेक्षाही वाईट.

बर्फ वाचणं

आपल्या कोळीवाड्यातल्या मुलाला तिथी सांगितली की भरती कधी ते कळतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे त्याला कोणी तक्ता देऊन शिकवलेलं नसतं. बापाबरोबर होडी लोटताना, आईबरोबर टोपली भरताना ते त्याच्या अंगात उतरलेलं असतं. साहतूवर बर्फाचं ज्ञान असंच उतरतं.

गडद, काचेसारखा स्वच्छ बर्फ मजबूत. पांढरा, दुधाळ बर्फ म्हणजे बर्फाचा भुगा पाण्यात मिसळून गोठलेला, हवेचे बुडबुडे धरलेला. त्याची ताकद कमी. करडा दिसला तर त्यात पाणी शिरलेलं आहे, तिथून दूर राहायचं. जिथे नदी निघते किंवा मिळते तिथे प्रवाहामुळे बर्फ पातळच राहतो, बाहेर कितीही थंडी असो. वरून भुसभुशीत बर्फाचा जाड थर पडला असेल तर खालचा टणक बर्फ उलट पातळ असू शकतो, कारण वरचा थर गोधडीसारखं काम करतो आणि गारठा खाली पोचू देत नाही. नवख्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं जास्त बर्फ म्हणजे जास्त सुरक्षित.

त्याहून फसवी गोष्ट आणखी एक आहे. वर पडलेल्या बर्फाच्या वजनाने खालचा टणक थर दबतो, त्याला तडे जातात आणि तळ्याचं पाणी त्या तड्यांतून वर येतं. ते भुसभुशीत थराखाली लपतं आणि गोधडीमुळे गोठतही नाही. वरून सगळं कोरडं पांढरं दिसतं. स्नोमोबाइल किंवा कुत्र्यांची गाडी तिथे घुसली की चिखलात रुतल्यासारखी रुतते आणि माणसाचे पाय भिजतात. उणे तीसमध्ये भिजलेले पाय म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं मी इथे लिहिलं. पण खऱ्या तळ्यावर वाट काढताना पुढे चालणारा माणूस लोखंडी टोकाची काठी बर्फावर आपटत जातो आणि आवाज ऐकतो. तो आवाज लिहिता येत नाही. मागून चालणारा मुलगा तो ऐकतो, पुढचा माणूस कुठे थांबला आणि कुठून वळला ते बघतो. दहा हिवाळे असे ऐकले की त्याचे कान तयार होतात. ज्येष्ठ माणसं या वेळी फारसं बोलत नाहीत, आणि मुलानेही प्रश्नांचा भडिमार करावा अशी अपेक्षा नसते. बघ, कर, चुक, पुन्हा बघ. चूक झाली तर ती किती महाग पडू द्यायची, हे ठरवणं हे शिकवणाऱ्याचं कसब.

लहान मुलांना सुरुवातीला मिळणारं एक काम मला फार आवडतं. तंबूत जमिनीवर स्प्रूसच्या हिरव्या फांद्या अंथरायच्या. ऐकायला सोपं. पण प्रत्येक फांदीचा जाड देठ पुढच्या फांदीच्या पानांखाली लपायला हवा, नाही तर रात्री झोपणाऱ्याला तो टोचतो. फांद्या कौलांसारख्या एकावर एक चढत जायला हव्यात. पाच-सहा वर्षांच्या मुलीने अंथरलेल्या त्या गादीवर रात्री तिची आजी झोपते. काम नीट झालं की नाही, ते सकाळी दोघींनाही ठाऊक असतं. गुण देण्याची गरज पडत नाही.

गोष्ट हाच नकाशा

आता थोडं अवघड वळण. डेने भाषांमध्ये ‘भूमी’ या शब्दात नुसती माती येत नाही. पाणी, बर्फ, प्राणी, वारा, पूर्वज, त्या जागेच्या गोष्टी, सगळं त्यात येतं. आपला ‘शिवार’ हा शब्द थोडा तसा आहे. शिवार म्हटलं की शेतं, ओढा, बांध, बांधावरचा म्हसोबा आणि कोणाचं कोणाशी पाण्यावरून भांडण झालं होतं तेही आठवतं.

तर, यामोरिया नावाच्या महापुरुषाची गोष्ट डेने प्रदेशभर सांगतात. जग नवं होतं तेव्हा प्रचंड आकाराचे बीव्हर, म्हणजे लाकडाचे बांध घालणारे पाण्यातले प्राणी, माणसांना छळत होते. यामोरियाने त्यांना साहतूमधून हुसकावलं, नदीने पाठलाग केला, काहींना मारलं आणि त्यांची कातडी तुलिताजवळच्या बेअर रॉक या डोंगराच्या कड्यावर वाळत ताणली. कड्यावर ते तीन डाग आजही दिसतात, आणि ते चित्र डेने राष्ट्राच्या चिन्हात आहे. आता ही गोष्ट नदीतून होडीने जाताना ऐकली तर काय होतं बघा. कुठे वळण आहे, कुठे पाणी वेगाचं आहे, दोन नद्या कुठे मिळतात, ही सगळी ठिकाणं गोष्टीतल्या प्रसंगांना जोडून लक्षात राहतात. वाट विसरायची तर आधी गोष्ट विसरावी लागेल. वर्गात बसून हीच गोष्ट वाचली तर ती लोककथा होते. तिच्यातला नकाशा तिथे दिसत नाही.

दुसरी गोष्ट साहतूचीच आहे आणि देलिनेच्या लोकांनी ती स्वतः जगाला सांगितली आहे. फार पूर्वी काये दाओये नावाचा माणूस होता. त्याचं लोश या माशाशी गूढ नातं होतं. लोश म्हणजे गोड्या पाण्यातला, कॉडच्या कुळातला लांबट मासा. एकदा त्याने चार गळ लावले आणि त्यातला एक नाहीसा झाला. त्या काळी गळ ही फार मोलाची वस्तू. रात्री स्वप्नात तो लोशबरोबर पाण्यात उतरला आणि गळ पळवणाऱ्या माशाच्या शोधात तळ्याच्या मध्यापर्यंत गेला. तिथे त्याला तळ्याचं हृदय जाणवलं, धडधडणारं. ते हृदय जमीन, आकाश, झाडं, प्राणी, माणसं या सगळ्यांना जोडलेलं होतं.

बाहेरचा माणूस इथे ‘सुंदर रूपक’ म्हणून थांबतो. साहतूगोतिने तिथे थांबत नाहीत. तळ्याला हृदय असेल तर ते दुखावता येतं, म्हणून तळ्याशी वागण्याचे नियम येतात. प्रवासाला निघताना पाण्याला तंबाखूसारखं काहीतरी अर्पण करायचं. माशाची चेष्टा करायची नाही. मिळालं ते वाटायचं. 2005 मध्ये ग्रेट बेअर लेकच्या पाणलोट क्षेत्राच्या व्यवस्थापनाचा आराखडा झाला तेव्हा गावातल्या ज्येष्ठांनी ही गोष्टच त्याच्या पायाशी ठेवली, आणि सरकारी खात्यांची माणसंही त्या कामात सोबत होती. तळं सदासर्वकाळ स्वच्छ आणि भरलेलं राहिलं पाहिजे, हे त्या आराखड्याचं ध्येय. 2016 मध्ये तळं आणि भोवतालचा प्रदेश ‘त्सा तुए’ या नावाने युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र झाला. हरवलेल्या एका गळाची गोष्ट इथवर पोचली.

शब्द कुठून येतात

जमिनीवर शिकलेलं ज्ञान ‘खरं’ असतं का, हा प्रश्न विचारणारे असतात. त्यांच्यासाठी कॅरिबूचं उदाहरण.

कॅरिबू म्हणजे उत्तरेकडचं हरीण. डेने लोकांचं अन्न, कपडे, हत्यारं यांचा मोठा भाग त्याच्यावर उभा होता. साहतू भागातल्या भाषेत त्याला एकच नाव नाही. जंगलात थोड्या संख्येने राहणारा तो तोद्झी. झाडं संपतात तिथल्या मोकळ्या रानात मोठ्या कळपांनी फिरणारा तो एक्वे. डोंगरातला तो शूहता गोएपे. इंग्रजीत सगळे कॅरिबूच, पुढे विशेषण लावायचं.

2010 नंतरच्या दशकात या भागातल्या गावांनी आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून एक काम केलं. शिकाऱ्यांनी हिवाळ्यात बर्फावर पडलेल्या कॅरिबूंच्या लेंड्या गोळा केल्या. प्राण्याला हात न लावता लेंडीतून त्याचा डीएनए मिळतो. प्रयोगशाळेत जनुकीय गट पाडले, आणि दुसरीकडे ज्येष्ठांशी बसून भाषेतली नावं, त्या प्राण्याचं वागणं, पावलं, चव, सगळं नोंदवलं. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी जुळल्या. भाषेने जे गट पाडले होते ते जनुकांतही दिसत होते. या कामाला त्यांनी नाव दिलं लेघागोत्सेनेते, म्हणजे ‘एकमेकांसोबत शिकणं’.

विज्ञानाने परंपरेवर शिक्का मारला, असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्येष्ठांना त्या शिक्क्याची गरज नव्हती. त्यांना तोद्झी आणि एक्वे यांच्यात कधी गोंधळ झालाच नव्हता. मला यात दिसतं ते असं : एखादी भाषा एका जागेवर हजारो वर्षं बोलली गेली की त्या जागेची निरीक्षणं तिच्या शब्दांत साठतात. तो शब्द जिवंत ठेवायचा तर मुलाला तोद्झीच्या पावलांजवळ उभं राहून तो ऐकायला मिळाला पाहिजे. शब्दकोशात तो जपता येतो, पण त्यात भरलेलं निरीक्षण हळूहळू गळून जातं.

ऑक्टोबर ते जून

हे सगळं इतकं घट्ट विणलेलं होतं, मग तुटलं कसं? निवासी शाळांमुळे.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभराहून अधिक वर्षं सरकारने आणि चर्चने मूलनिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवलं. सुमारे 1,50,000 मुलं त्यातून गेली. भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, छळ झाला, हजारो मुलं परत आली नाहीत. 2008 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये आपला अहवाल आणि 94 शिफारशी दिल्या.

या इतिहासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. शाळेचं वर्ष शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. म्हणजे तळं गोठायला लागायच्या आत मुलं घरून जाणार आणि बर्फ विरघळायला लागल्यावर परत येणार. बर्फावर चालणं, बर्फाखालचं जाळं, सापळ्यांची वाट, हिवाळ्यातली शिकार, आणि लांब रात्रींत सांगायच्या गोष्टी, हे सगळं नेमकं त्या महिन्यांतलं. मुलाच्या वाट्याला घरचा उन्हाळा येत राहिला तरी हिवाळा एकही आला नाही. आणि या लोकांच्या ज्ञानाचा निम्म्याहून मोठा भाग हिवाळ्याचा आहे. कोणाला उन्हाळ्याची सुटी मिळाली म्हणून ‘मुलं घरी येत होती की’ असं म्हणता येत नाही, ते यामुळे. काही मुलं तर वर्षानुवर्षं आलीच नाहीत.

परत आलेला मुलगा सोळा वर्षांचा, आजी इंग्रजी न बोलणारी, मुलगा तिची भाषा विसरलेला. दोघं एकाच बर्फावर उभी, आणि बर्फ कुठे पातळ आहे हे तिला सांगता येत नाही.

परतीची वाट

साहतूच्या दक्षिणेला त्लिचो हे दुसरे डेने लोक राहतात. त्यांचे प्रमुख जिमी ब्रुनो यांनी लावून धरलं, की आमच्या मुलांना आमच्याच प्रदेशात शाळा हवी, जिथे दोन्ही संस्कृतींचं ज्ञान बरोबरीने मिळेल. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एड्झो इथे त्यांच्या नावाने शाळा उघडली. त्यांच्या सांगण्याचं सार पुढे त्लिचो लोकांनी ‘दोन माणसांएवढं बळ’ अशा शब्दांत धरलं. एक माणूस आपल्या वाटेवरचा, एक बाहेरच्या जगातला, दोन्ही एकाच देहात. मला यातलं ‘बळ’ महत्त्वाचं वाटतं. इथे तडजोडीची भाषा नाही.

1993 मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजने ‘डेने केदे’ हा अभ्यासक्रम आणला. तो ज्येष्ठांसोबत बसून तयार झाला होता, आणि त्याची रचना विषयांनुसार नाही. भूमीशी नातं, दुसऱ्या माणसांशी नातं, आध्यात्मिक शक्तींशी नातं आणि स्वतःशी नातं, ही त्याची चार अंगं. गणित आणि विज्ञान यातून निघतं, पण पाया नात्यांचा.

मग विद्यापीठाची पातळी. यलोनाइफ या राजधानीच्या पूर्वेला, सुमारे शंभर किलोमीटरवर ब्लॅचफर्ड लेक नावाचं एक दुर्गम तळं आहे. तिथे 2010 च्या सुमारास डेचिंता नावाच्या संस्थेने शिकवायला सुरुवात केली. डेचिंता म्हणजे ‘रानात’. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणाऱ्या आणि हिवाळ्यात बर्फावर उतरणाऱ्या विमानाने विद्यार्थी तिथे जायचे, आणि आठवडेच्या आठवडे राहायचे. विद्यापीठाच्या पदवीत धरले जाणारे श्रेयांक मिळतात. शिकवणाऱ्यांत प्राध्यापक आहेत आणि डेने ज्येष्ठही आहेत, आणि ज्येष्ठांना पाहुणे म्हणून बोलावलेलं नसतं. विद्यार्थी आपली लहान मुलं सोबत आणू शकतात; त्यांचंही शिकणं तिथेच चालतं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. निवासी शाळांनी आईबापांपासून मुलं तोडली होती. इथे ती एकाच तळ्याकाठी आहेत.

दिवस कसा जातो? समजा मूसचं, म्हणजे सांबरापेक्षा कितीतरी मोठ्या अशा तिकडच्या हरणाचं, कातडं कमवायचं आहे. आतलं मांस खरवडायचं, केस खरवडायचे, मग प्राण्याचा मेंदू पाण्यात कालवून त्यात कातडं मुरवायचं. मेंदूतली स्निग्ध द्रव्यं तंतूंमध्ये शिरतात आणि तंतू एकमेकांना चिकटू देत नाहीत. मग पिळायचं, ताणायचं, मऊ होईपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरायचं. धुरातली रसायनं तंतूंना बांधतात, त्यामुळे कातडं पुढे भिजलं तरी कडक होत नाही. याला कित्येक दिवस लागतात आणि एकट्याने होत नाही. हात चालू असताना बोलणं चालू असतं : करार, कायदे, जमिनीचे हक्क, कोणाच्या आजोबांनी हे कुठे केलं होतं.

ग्लेन कूल्टहार्ड हे यलोनाइव्ह्‌ज डेने राज्यशास्त्रज्ञ तिथे शिकवत आले आहेत. त्यांनी या शिकण्यामागच्या विचाराला ‘ग्राउंडेड नॉर्मेटिव्हिटी’ असं नाव दिलं. जड शब्द आहे, पण अर्थ सोपा करता येतो : काय योग्य आणि काय अयोग्य हे माणूस भूमीशी असलेल्या नात्यातून शिकतो. कातडं ओढायला चार हात लागतात, म्हणून मदत मागायला आणि करायला शिकतो. मासा सावकाश वाढतो, म्हणून थांबायला शिकतो. नीती आधी पुस्तकात शिकून मग रानात लावायची, असा क्रम इथे नाही. ती रानातूनच येते.

पोती वाहणारी माणसं

हा विचार किती खोल जातो हे समजून घ्यायचं तर साहतूच्या पूर्व काठाला जावं लागेल. 1930 मध्ये तिथे पिचब्लेंड हे रेडियम आणि युरेनियम असलेलं खनिज सापडलं. पोर्ट रेडियम ही खाण उभी राहिली. आधी रेडियमसाठी आणि 1942 पासून युरेनियमसाठी ती चालली. ते युरेनियम अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पात, म्हणजे अणुबॉम्ब बनवण्याच्या कामात वापरलं गेलं. खनिजाची पोती होड्यांत चढवायला आणि उतरवायला साहतूगोतिने पुरुष होते. पोत्यांत काय आहे आणि त्याने काय होऊ शकतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे गावात कर्करोगाने माणसं गेली, आणि तो धक्का गाव आजही वागवतं.

1998 च्या ऑगस्टमध्ये देलिनेहून काही माणसं हिरोशिमाला गेली. बॉम्बमध्ये गेलेल्या खनिजाचा काही भाग आपल्या भूमीतून आला, म्हणून दुःख व्यक्त करायला. ज्यांना फसवलं गेलं, ज्यांनी स्वतः भोगलं, ती माणसं हे करायला गेली. भूमीशी नातं म्हणजे जबाबदारी, हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. या प्रवासाबद्दल वाचल्यावर ते मला पहिल्यांदा कळलं.

तीच जबाबदारी कॅरिबूंच्या बाबतीतही दिसली. साहतूच्या परिसरात फिरणारा ब्लूनोझ ईस्ट हा एक्वेंचा कळप 2010 मध्ये लाखाच्या घरात होता आणि 2018 मध्ये वीस हजारांच्याही खाली आला. सरकारचा कल वरून मर्यादा घालण्याकडे होता. देलिनेने 2016 मध्ये ‘कॅरिबू सदासर्वकाळ’ अशा अर्थाच्या नावाची स्वतःची योजना मांडली. शिकार किती करायची हे गावाने आपल्या रीतीने ठरवायचं, कॅरिबूऐवजी मासा आणि मूस खायचा, आणि तरुणांना शिकारीची जुनी शिस्त रानात नेऊन शिकवायची. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला देलिनेचं स्वतःचं सरकारही अस्तित्वात आलं. आता योजना, भाषा आणि शाळा एकाच घराच्या खोल्या झाल्या.

अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. विमान आणि इंधन महाग आहे, त्यामुळे एका छावणीचा खर्च मोठा होतो. ज्येष्ठ थकत चालले आहेत. हवामान बदललं आहे : तळं उशिरा गोठतं, आणि आजोबांना पाठ असलेल्या खुणा कधीकधी जुळत नाहीत. 2023 च्या ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे अख्खं यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं होतं. पण ज्याचे कान बर्फाचा आवाज ऐकायला तयार आहेत त्याला बदललेला आवाजही आधी ऐकू येतो. म्हणून जुन्या खुणा चुकायला लागल्यावर हे शिकणं निरुपयोगी ठरलं, असं मला वाटत नाही.

आता सुरुवातीच्या जाळ्याकडे. एक-दोन दिवसांनी ते बघायला जायचं. भोकांवर बर्फाची साय धरलेली असते, ती फोडायची. एका टोकाने जाळं ओढत बाहेर घ्यायचं. व्हाइटफिश, ट्राउट, एखादा लोश. उघड्या हातांनी मासे सोडवावे लागतात, कारण हातमोज्यांत गाठी सुटत नाहीत, आणि बोटं दुखून बधिर होतात. पण ओढायला लागायच्या आधी एक गोष्ट करायची असते. दुसऱ्या टोकाच्या भोकाशी जाऊन जाळ्याच्या शेवटाला एक लांब दोरी बांधायची. जाळं बाहेर येईल तशी ती दोरी त्याच्या जागी बर्फाखाली पसरत जाते, आणि मासे काढून झाले की तिनेच जाळं परत आत ओढून घेता येतं. दोरी बांधायला विसरलं तर सोट पुन्हा आणायचा, भोकं पुन्हा फोडायची, सगळं पहिल्यापासून. ज्येष्ठ माणूस या क्षणी काही बोलत नाही. तो मुलाकडे बघत उभा असतो, मुलगा दुसऱ्या भोकाकडे चालायला लागतो का ते.